दोन्हीकडून चार इंच

"हा बसेल का, चाचा?" टेम्पोतून एक्सल उतरवून घेत नमनने विचारलं.

निजामने टेप लावला. पिकअपचा मागचा एक्सल, चांगला वजनदार. नमन म्हणजे नवापूरच्या हुकमीचंद शेठचा नातू. त्याने हौसेने घेतलेली गाडी जुनी अमेरिकन होती, दोन दारांची, आठ सिलिंडरची. तिच्या ताकदीपुढे जीपचा एक्सल म्हणजे काडी. दोन लावून पाहिले, दोन्हींच्या आतल्या दात्यांचा भुगा झाला. पिकअपचाच हवा, हे निजामने केव्हाच ठरवलं होतं. फक्त तो रुंद पडतो. दोन्हीकडून चार-चार इंच कापायचा, टोकं परत वेल्ड करायची, आतले शाफ्ट सुरतेहून तेवढेच आखूड करून आणायचे, की चाकं मडगार्डच्या आत बसली.

"डावीकडे तुटलेला आहे," नमन म्हणाला, "पण तेवढं तर आपण कापणारच ना?"

पोराचं डोकं चालतं, असं निजामला वाटलं. तेवढंच वाटलं. मुलगा, जाहिद, गेल्यापासून त्याला फारसं काही वाटतच नसे. जेवण, ऊन, लोकांचं बोलणं, सगळं मुंग्या आलेल्या पायासारखं.

कुठून आणलास, एवढं मात्र त्याने विचारलं. नमन सांगत बसला. खांडबाऱ्याला एका घरामागे ताडपत्रीखाली पडला होता. मालक पोल्ट्रीवर कामाला गेलेला, त्याच्या बायकोने, भुरीबाईने, अडगळ गेली म्हणून हसत दिला. दलसिंग की काय नाव मालकाचं.

निजामने टेप गुंडाळला. उद्या ये म्हणाला. नमन गेला.

तीन वर्षं झाली. जाहिद गाडीचे पार्ट आणायला एका भाजीवाल्याच्या पिकअपमधून अक्कलकुव्याला निघाला होता. वळणावर एक्सल तुटून डावं मागचं चाक तिरपं झालं, गाडी उलटली. चारच दिवसांपूर्वी ती पिकअप दलसिंगच्या गॅरेजात होती, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. दलसिंग म्हणजे निजामचा वीस वर्षांचा भागीदार, नंतर खांडबाऱ्याला वेगळा झालेला. अपघाताच्या जागी पहिला तोच पोहोचला. प्रेत त्यानेच आणलं आणि तुटका एक्सलही त्यानेच उचलून नेला. पुरावा लपवला, दुसरं काय! निजामने भर बाजारात त्याला खुनी म्हटलं. दलसिंग खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्याच्याकडे गाडी कोण लावणार? सहा महिन्यांत गॅरेज बंद पडलं आणि चांगला मिस्त्री कोंबड्यांना दाणे टाकायला लागला. निजामला त्याचंही काही वाटलं नाही.

त्याच्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती, जाहिदचा हात. बापाच्या वरताण वेल्डिंग करायचा पोरगा. निजामच्या वडिलांची रीत होती, निजामनेही तीच चालवली, आपण जोडलेल्या जागी पंचने तीन ठिपके ठोकायचे; काम उघडलं तर ज्याचं त्याच्या दारी परत यायला हवं. जाहिद शिकून तयार झाला तेव्हा त्याने आपली खूण म्हणून चौथा ठिपका जोडला. पोराचं शेवटचं वर्ष. निजाम डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर सुरतेला होता तेव्हा त्याने एकट्याने गॅरेज ओढलं. "एकही काम परत आलं नाही," निजाम येईल त्याला सांगायचा. आजही सांगायचा. तेवढं बोलताना त्याचा आवाज जरा जिवंत व्हायचा.

एक्सलच्या डाव्या टोकाला बोटभर जाड डांबर फासलेलं होतं. बाकी सगळा उघडा, गंजलेला. डांबर नेमकं तुटल्या जागीच. निजामने रॉकेल आणि पत्रा घेतला.

तेवढ्यात दलसिंग आला. मोटरसायकल धड उभीही न करता धापा टाकत आत शिरला. अंगावर पोल्ट्रीचाच शर्ट होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने या उंबऱ्यात पाय ठेवला होता.

"हाऊ एक्सल माले परत दे, निजामभाई. मन्ही बायकोनी माले न इचारता दिधा."

"बठ," निजाम म्हणाला. "पाहीसन जा."

दलसिंग बसला नाही. नमनला दुसरा एक्सल मी शोधून देतो म्हणाला, पाठीवर आणून टाकतो म्हणाला. निजाम सावकाश डांबर खरवडत होता. चोर सापडला की घाई कशाला करायची?

"तीन साल तू लपाडी ठेवा. कसाले?"

"तू पाहू नको म्हनीसन," दलसिंग म्हणाला.

डांबराखाली जुनी वेल्डिंग निघाली. तिच्या मधोमध भेग होती, आतपर्यंत काळी, म्हणजे धातू वरवर चिकटला होता, आत शिरलाच नव्हता. घाईचं काम. निजामने भेगेवर बोट ठेवून दलसिंगकडे पाहिलं. दलसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं. पस्तावा, निजामच्या मनात आलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं.

त्याने वेल्डिंगच्या कडेचं डांबर रॉकेलच्या फडक्याने पुसलं. एक ठिपका निघाला. मग दुसरा. तिसरा.

निजामचा हात थांबला. असली वेल्डिंग त्याने जन्मात केली नव्हती.

दलसिंगने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. "आते पुरे, निजामभाई. मी केलं व्हतं. मीच केलं."

निजामने मनगट सोडवून घेतलं आणि उरलेल्या डांबरावरून अंगठा फिरवला. तिसऱ्याच्या पुढे, बरोबर तेवढ्याच अंतरावर, चौथा ठिपका त्याच्या अंगठ्याला लागला.