जिना वाचला

आत्या राहायची ती भर बाजारातली जुनी इमारत पाडून तिथं टॉवर उभा राहणार होता. भाचीनं जिवाचं रान करून ती वाचवली. लाकडी जिन्याच्या कोरीवकामाला धक्का नको, म्हणून लिफ्टसुद्धा बसवू दिली नाही.

खाली चौकात तिचा सत्कार चालला असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आत्यानं खिडकीतून दोरीनं टोपली सोडली. टोपलीत कुंडीतला एकच गुलाब होता.

“जुन्या घरांची मजाच न्यारी!” म्हणत पाहुण्यांनी टाळ्यांचा गजर केला.

भाचीला मात्र वर बघवेना.

“जिना छान वाचवलास हो, बाळे!” आत्या वरून हसत ओरडली. “माझ्या गुडघ्यांना आता तो उतरवत नाही. मी मावेन एवढ्या टोपलीची तेवढी परवानगी काढ!”