दोन वाक्यांच्या मधे

बायको जाऊन पुरते दोन दिवस झाले नव्हते आणि सरांनी तांबडं पेन बाहेर काढलं.

इंग्रजी शिकवण्यात जन्म गेलेला माणूस. पेपरात द्यायचा निधनाचा मजकूर मुलीने इंग्रजीत लिहून त्यांच्यापुढे ठेवला होता. आई शांतपणे गेली, सगळं कुटुंब जवळ होतं. एवढाच. सरांनी वाचला आणि मधल्या कॉमाभोवती गोल केला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे बायको मेली तरी गेली नव्हती.

‘ही दोन स्वतंत्र वाक्यं आहेत. नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत,’ ते म्हणाले. एकतर फुलस्टॉप द्यावा, नाहीतर ‘अँड’ घालावा, आणि दोन्हींचा संबंध अगदी जवळचा असेल तर सेमिकोलन, हे सगळं त्यांनी तिला वर्गात सांगावं तसं सांगितलं. इथे संबंध जवळचा आहे म्हणत सेमिकोलन दिलासुद्धा.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं वाक्य तिचं नव्हतंच. लोक काय म्हणतील, म्हणून आत्याने घालायला लावलं होतं. हॉस्पिटलातून मुलगी फोनवर फोन करत होती तेव्हा हे गृहस्थ शिकवणी घेत बसले होते. एवढा तास संपवून येतो म्हणाले, आणि खरंच संपवून आले. वाचताना तरी लाज वाटेल, स्वतःच्या हाताने खोडतील, या आशेवर तिने ते वाक्य राहू दिलं होतं. यांना मेला कॉमाच दिसला.

‘आता बिनचूक झालं,’ कागद पुढे सरकवत सर म्हणाले.

‘बिनचूक आहे, बाबा. पण खोटं आहे. तुम्ही नव्हता तिथे.’

स्वयंपाकघरात आत्या कपबश्या विसळायची थांबली. वडिलांशी असं बोलू नये, असं आतूनच म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही. मुलीने त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि ते वाक्य असं खोडलं की कागद फाटला.

सरांनी फाटलेला कागद हाताने सरळ केला. मग उरलेल्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं. आवाज वर्गातला राहिला नव्हता.

‘हे तरी खरं आहे ना? शांतपणे गेली ना ती?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘दाराकडे बघत बघत गेली.’