वरच्या मजल्यावरची चव

बायको जिना उतरून आली ती ओठ चाटतच. जीभरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही. गप्पा मारल्या."

गप्पा मारून कुणी ओठ चाटतं? जीभरावांना फसवणं सोपं नव्हतं. चहाच्या कंपनीत चव पारखायचं काम त्यांनी अडतीस वर्षं केलं होतं. एक घोट तोंडात घोळवला की पान कोणत्या मळ्यातलं, कधी खुडलेलं, हे ते डोळे मिटून सांगत. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर एक विधुर घड्याळजी राहायला आला. तो बायकोच्या माहेरची भाषा बोलणारा. या गावात ती भाषा बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं. जीभरावांना त्यातले तीन शब्द येत, आणि त्यातली एक शिवी होती. पहिल्याच दिवशी ती दोघं जिन्यात बोलायला लागली, ती भाजीची पिशवी हातात तशीच धरून अर्धा तास. तेव्हापासून चार वाजले की बायको वर. घरात मोजून मापून बोलणारी बाई तिथे खळखळून हसायची. खाली जीभराव पंख्याकडे बघत बसायचे.

आज त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि त्यांनी तिच्या तोंडाचा वास घेतला. वेलची नाही, बडीशेप नाही. काहीच नाही.

"अगंबाई! म्हातारपणी हे काय नवीन?" म्हणत ती हसून मागं सरली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली, तेव्हा जीभराव तीनदा चौथ्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. शेवटी एकदाचे वर पोचले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"माझ्या बायकोला काय खायला घालता तुम्ही?"

घड्याळजीनं भिंग काढलं. "मी? अहो, माझ्याकडे साधा स्टोव्ह नाही. डबा येतो, तोही बेचव." मग त्याच्या लक्षात आलं. "वहिनींनी सांगितलं नाही का तुम्हाला? त्यांना भाषांची चव लागते, लहानपणापासून. आमची भाषा म्हणे दुधात भिजवलेल्या खारकेसारखी लागते. बोलताना, ऐकताना, दोन्ही वेळेला."

जीभराव जिना उतरले. आयुष्यभर चवीवर पोट भरलं, आणि घरातली चव आधी कळावी ती परक्याला!

बायको परत आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"खारीक म्हणे."

तिनं पिशवी खाली ठेवली. "सांगणार होते. लग्न झालं त्याच वर्षी, तुमची भाषा शिकत होते तेव्हा."

"मग? मी पारखी माणूस. मला कळलं नसतं?"

"कळलं असतं. पण तुम्ही पुढचं विचारलं असतं."

जीभरावांनी पुढचं विचारलंच.

"माझी भाषा कशी लागते?"

ती पिशवीतल्या भाजीकडे बघत राहिली. "कडू. गोळी घशात अडकून विरघळते ना, तशी."

"अजूनही?"

"आत्ता बोलतेय तेव्हासुद्धा."

"मग चौतीस वर्षं बोललीस कशाला?" त्यांचा आवाज चढला. "पोरींशीसुद्धा हीच बोललीस! कुणी जबरदस्ती केली होती?"

"जबरदस्ती कसली," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरी येत नव्हती ना."