भालचंद्र सरांची स्पॅनिश

भालचंद्र सर शाळेतून रिटायर झाले अन् पोराकडं, अद्वैतकडं, मेक्सिकोला कायमचं राहायला निघाले. तिथं ऊन भरपूर, गुडघे दुखत न्हाईत म्हणे. फक्त भाषा स्पॅनिश. विमलवहिनींनी बजावलं, "तिथं बोलता न्हाई आलं, तर मी जालन्याला वापस येणार!"

सर घाबरून माझ्याकडं आले. मी म्हणलं, "टेन्शन घेऊ नका सर. आमच्या स्टीलच्या कारखान्यात एक स्पॅनिश साहेब आल्ता, त्याच्याकडून समदी शिकून घेतली मी." मंग काय, ओट्यावर बसवून शिकवलं त्यांना. दुधाला दुधोस, भाकरीला भाकरोस. सरांनी बिचाऱ्यांनी घोकून घोकून पाठ केलं अन् गेले विमानात बसून.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, तवा माझी पाचावर धारण बसली.

"सर, जमतंय का स्पॅनिश?"

"काय जमतंय डोंबल! इथल्या लोकाइची स्पॅनिश एकदम कच्ची. दुधोस मागितलं तर नुसते तोंडाकडं बघून राह्यले."

"अन् अद्वैत काय म्हणला?"

"म्हणतो, 'बाबा, तुमचीच चुकीची आहे.' त्याचं मराठी तरी कधी बराबर होतं का?"

"मंग आता वापस?"

"वापस कशाला? गल्लीतल्या लोकाइसाठी स्पॅनिशची फुकट शिकवणी काढली. दोघं-तिघं हसले, त्यांना कोपऱ्यात उभं केलं. आज सकाळी दूधवाल्यानं दार वाजवून बिलकुल बराबर हाक मारली, 'मास्तरोस, दुधोस!'"