उपरोधाचा तास

चाचणीत उपरोधाच्या प्रश्नाला अख्ख्या वर्गाला भोपळा मिळाला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी भाषेच्या सरांना बजावलं, "एक आठवडा देते. नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे."

सरांनी आठवडाभर घसा कोरडा करून उपरोधच शिकवला. शनिवारी बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. सरांनी उदाहरण विचारलं, तर एकही हात वर होईना.

सर वैतागले. "वा! काय हुशार वर्ग लाभलाय मला!"

"थँक्यू, सर!" सगळा वर्ग खुशीत ओरडला.

तास संपल्यावर बाईंनी व्हरांड्यात हात जोडले. "धन्य आहात, सर! तुमच्यासारखा शिक्षक शोधून सापडायचा नाही."


सर चक्क लाजले. "जीव भांड्यात पडला, बाई. मला उगाच वाटत होतं, वर्ग जातोय की काय!"