न दिसलेलं बटण

"नाव नोंदवायचं बटनच दिसत नाय गो," शिरवण्याचे तुळशीराम आठवडाभर लेकीला सांगत होते. त्यांना मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाच्या वेबसाइटवर नाव द्यायचं होतं.

"डोळ्यांमुळे होतंय, आप्पा. चष्मा लावून बघा," रुतिका म्हणायची.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी तिने त्यांचा जुना फोन हातात घेतला. बटण खरंच नव्हतं. तिच्या फोनवर होतं. दाबलं तर 'जागा संपल्या' असं आलं.

ही वेबसाइट नव्या ब्राउझरसाठी तिनेच बदलली होती. "जुन्या ब्राउझरवर तपासायला नको, दोनच टक्के लोक वापरतात," असं मीटिंगमध्ये तीच म्हणाली होती.

"तुला तरी दिसतंय का?" आपल्या फोनकडे बोट दाखवत तुळशीरामांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मंग तुझे पन डोले तपासून घे गो. दिवसभर त्या कंप्युटरात बगतेस."