बारावा दिवा

रऊफचा अंगठा डिस्कच्या खटक्यावर होता, पण दाबायची हिंमत होत नव्हती.

पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ होती: सात नंबरची डिस्क निकामी. समोर लोखंडी पेटीत बारा डिस्क, तीन ओळींत चार-चार. नंबरांच्या चिकटपट्ट्या साफसफाई करणाऱ्या हाज्जा सनियाच्या ओल्या फडक्याने केव्हाच पुसून नेल्या होत्या. आडवं मोजलं तर सातवी मधल्या ओळीत, उभं मोजलं तर वरच्या. शून्यापासून सुरू केलं तर तिसरीच कुठली तरी. आता माणसाने उपटायची तरी कुठली?

शेजारचे सर्व्हर नुसते राबणारे. जपून ठेवायचं ते सगळं ह्या बाहेरच्या पेटीत. इजिप्तमधल्या तांता शहराच्या ह्या हृदयाच्या इस्पितळातल्या गेल्या अकरा वर्षांतल्या सगळ्या रोग्यांच्या तपासणीची चित्रं, उद्याच्या चौदा ऑपरेशनांची धरून. एक डिस्क गेली तर बाकीच्या अकरा मिळून निभावून नेतात. दुसरी गेली की खेळ खलास. म्हणजे मेलेली समजून जिवंत ओढली, तर सगळंच गेलं. दुसरी प्रत ठेवायचं तीन वर्षं मीटिंगांमध्ये ठरतच होतं.

कानाला फोन होता. पेटी बसवणाऱ्या कंपनीची नेर्मीन कैरोहून बोलत होती.

"अहो साहेब, जिचा दिवा नारिंगी आहे ती काढा. एवढं काय त्यात?"

"नारिंगी एकही नाही. सगळे हिरवे आहेत."

"असं कसं होईल? बरं, पडद्यावरून त्या डिस्कला खूण द्या. तिचा निळा दिवा लुकलुकेल."

रऊफने खूण दिली. काही लुकलुकलं नाही. त्याने चष्मा पुसला, गुडघ्यांवर बसून पाहिलं, उठून पाहिलं. मशीन खोटं बोलतंय की आपले डोळे, हेच त्याला कळेना.

"अंगठा मधल्या ओळीतल्या सातवीवर आहे. काढू?"

"खात्री आहे?"

"नाही."

"मग हात काढा आधी!"

"मग करू काय, नेर्मीनबाई? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!"

"शांत व्हा. हिरवे किती आहेत, बोट लावून मोजा."

रऊफने मोजले. पुन्हा मोजले.

"अकरा."

"आणि बारावा?"

"बारावा..." रऊफ अडखळला. "तिथे खम्सा आहे."

"काय आहे?"

"खम्सा हो. मातीचा पंजा, मधे निळा मणी. दृष्ट लागू नये म्हणून."

कैरोहून अगदी हळू आवाज आला, "साहेब, तो जरा बाजूला करता का?"

पंजा हाज्जा सनियाचा. ही चहा करणारी, लादी पुसणारी म्हातारी पेटी आली त्या दिवसापासून इथे होती. सहा आठवड्यांपूर्वी रऊफ रुजू झाला तेव्हाच तिने बजावलं होतं, "सगळ्याला हात लाव, लेकरा, ह्याला लावू नकोस." आधीच्या इंजिनियरने तो काढला होता म्हणे, आणि दुसऱ्याच दिवशी एसी जळाला. त्यानंतर कोणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. रऊफला तर तो आता दिसतही नसे.

त्याने दोन बोटांनी पंजा उचलला. खाली नारिंगी दिवा जळत होता, आणि त्याच्या शेजारी निळा लुकलुकत होता. वरच्या ओळीतली तिसरी. मघाशी अंगठा होता तिच्या बरोबर वरची.

"सापडली," रऊफ म्हणाला आणि त्याने खटका दाबला.

जुनी डिस्क निघाली, नवी बसली. पडद्यावर आकडा आला: नव्या डिस्कवर सगळं पुन्हा भरायला चौदा तास.

"आता ताण त्या अकरांवर," नेर्मीन म्हणाली. "चौदा तासांत त्यांतली एक जरी गेली..."

"माहीत आहे."

"आपल्या हातात काही नाही आता, साहेब. अल्लाह भलं करो." आणि तिने फोन ठेवला.

हाज्जा सनिया चहा घेऊन आली. रऊफच्या हातातला पंजा पाहून दारातच थबकली.

"काढलास?"

"काढला! हाज्जा, पडद्यावर तारीख आहे, तेवीस दिवस झाले ही डिस्क मरून. दिवा बिचारा बोंबलतोय, आणि तुमचा पंजा त्याच्या तोंडावर! माझ्या हातून आज सत्यानाश होणार होता!"

हाज्जाने पेला त्याच्यासमोर ठेवला. पेटीकडे नीट पाहिलं.

"किती आहेत ह्या?"

"बारा."

"आणि मेली ती ह्याच्याखालचीच?"

"तेच तर सांगतोय मघापासून!"

"बारांतली नेमकी हीच." हाज्जाने डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. "तेवीस दिवस एकट्याने धरून ठेवलं ह्याने. आणि तू त्याच्यावरच ओरडतोस."

रऊफने पंजाकडे पाहिलं, नव्या डिस्ककडे पाहिलं, मग त्या अकरा हिरव्या दिव्यांकडे. पडद्यावर तेरा तास बावन्न मिनिटं उरली होती.

"हाज्जा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आता हा कुठल्यावर लावू?"

हाज्जा तबक उचलून दाराकडे वळली होती.

"मला काय विचारतोस, लेकरा? इंजिनियर तू ना?"